उर्वीचा स्नेहांक

अपत्यावर प्रेम करणे हा मनुष्याचा धर्म आहे. परंतु ते प्रेम किती आहे हे तिसऱ्यासमोर सिद्ध करून दाखवण्याची वेळ आली, की त्याच प्रेमाच्या हातून अपत्याला इजा होऊ लागते. मी जी हकीकत येथे सांगणार आहे तिच्यात दुष्ट असे कोणी नव्हते. आई मुलीसाठी झुरत होती, वडीलही झुरत होते. कायदा करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता आणि यंत्र अचूक होते. आणि मी, वामन आर्वीकर, ज्याने पंचेचाळीस वर्षे नागपुरात संस्कृत शिकवले, तोही आपल्या नातीचे हितच इच्छीत होतो. इतक्या सगळ्या सद्‌हेतूंच्या मध्ये साडेसात वर्षांची एक मुलगी बसली होती, आणि तिच्या बाजूने मात्र आमच्यापैकी एकही नव्हता.

माझी एकुलती एक कन्या अपाला समुद्रातील शेवाळांची अभ्यासक आहे. न्यूझीलंडच्या डनेडिन गावी संशोधन करीत असताना तिची आणि रोशन गावंडे याची भेट झाली. रोशन मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. फळझाडांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी तिकडे गेलेला. दोघांनी विवाह केला आणि उर्वी तेथेच जन्मली. तोवर आपल्या संसदेने अज्ञान बालकांना दोन राष्ट्रांचे नागरिकत्व एकाच वेळी ठेवण्याची मुभा दिली होती, त्यामुळे पाळण्यात असतानाच तिच्या नावाचे दोन पासपोर्ट निघाले. उर्वी चार वर्षांची असताना रोशनच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि तिघेही परत आले. पुढच्या तीन वर्षांत त्या वडिलांचे निधन झाले आणि याच काळात पतिपत्नीमधील संवादही संपला. अपाला मुलीला घेऊन लक्ष्मीनगरातील माझ्या पाचव्या मजल्यावरच्या घरी राहायला आली. शनिवार-रविवारी उर्वी मोर्शीला वडिलांकडे जाई. ही व्यवस्था सुरू होऊन सहा महिने होतात न होतात तोच डनेडिनच्या विद्यापीठाने अपालाला कायमच्या जागेवर बोलावले. तिने जायचे ठरवले, अर्थात मुलीसह. त्यासाठी रोशनची संमती तरी हवी होती, नाहीतर न्यायालयाची अनुज्ञा.

संमतीविषयी बोलायला रोशन घरी आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कुलरच्या घरघरीवर आवाज चढवून दोघे बोलत होते.

"तू जाय ना. तुले कोनं अडवलं?" रोशन म्हणाला. "पन पोरगी इथंच राहीन."

"तिचा जन्म तिथला आहे, रोशन. तिच्याकडे तिथला पासपोर्ट आहे."

"इथलाबी हाये. पासपोर्ट दोन हायेत, पोरगी एकच हाये."

"मोर्शीत तिला काय मिळणार? संत्री?"

"संत्री हायेत, आजी हाये, आत्याची पोरं हायेत. तुह्याकडं काय हाये? शेवाळ! शेवाळ खाऊन राहीन का ते?"

पडद्यामागे लपलेली उर्वी यावर खदखदून हसली. तिच्या हसण्याने क्षणभर तिचे आईवडीलही हसले. मग अपालाने चेहरा आवरला आणि म्हणाली, "ठीक आहे. मग यंत्रालाच विचारू."

त्या यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

लहान मूल दचकले, की त्याच्या मेंदूतील भयाचे केंद्र एकाएकी जागे होते आणि हृदय धावू लागते. अशा वेळी, ज्या मनुष्याच्या कुशीत ते मूल वारंवार शांत झालेले आहे त्याचा नुसता आवाज कानी पडला, तरी ते केंद्र निवू लागते. शास्त्रज्ञांना यात विलक्षण गोष्ट आढळली ती अशी, की हे निवणे ओळखण्याच्या आधी घडते. आवाज आईचा आहे हे मुलाच्या बुद्धीला कळण्यास जेवढा अवधी लागतो, त्याच्या निम्म्या अवधीत त्याचा देह शांत होऊ लागलेला असतो. बुद्धीच्या आधी घडणाऱ्या गोष्टीचे सोंग आणता येत नाही. मेंदूतील पेशींमधून वाहणाऱ्या विजेभोवती अत्यंत क्षीण असे चुंबकीय क्षेत्र असते, आणि ते टिपणाऱ्या संवेदकांची हलकी टोपी तोपर्यंत तयार झाली होती. मुलाच्या डोक्यावर ती टोपी ठेवायची, एखाद्या आवाजाने त्याला किंचित दचकवायचे, आणि मग क्रमाने आईचा, वडिलांचा आणि अनोळखी माणसांचा आवाज ऐकवायचा. तसेच दोन्ही ठिकाणचे नित्याचे ध्वनी ऐकवायचे. कोणत्या आवाजाने देह किती निवला, हे शंभरपैकी एका आकड्यात मांडले जाई. कायद्याच्या भाषेत त्या आकड्याला स्नेहांक म्हणत. लोक त्या यंत्राला ओढमापक म्हणू लागले.

ज्याचा स्नेहांक पंधरांनी अधिक, त्याच्याकडे बालक जाई; अंतर त्याहून कमी असल्यास न्यायाधीश स्वतः विचार करीत. शिवाय एकोणिसावे कलम होते. आई आणि वडील या दोघांचेही अंक तिसाच्या खाली असतील, तर असे बालक दोन वर्षांसाठी शासनाच्या तटस्थ निवासात ठेवावे, असे ते सांगे. ज्या मुलांना घरात मारहाण होते त्यांच्या रक्षणासाठी ते घातले होते. आमच्यासारख्यांच्या घरात त्याचा विचारही कोणी करीत नसे.

मला त्या यंत्राविषयी आदर वाटला होता, हे मी लपवणार नाही. वकिलांच्या वाक्चातुर्यापेक्षा बालकाच्या देहाने दिलेली साक्ष श्रेष्ठ, असे मी अपालाला म्हणालोही होतो.

चाचणीची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

पहिल्या महिन्यातल्या एका शनिवारी रोशन उर्वीला न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "मामाजी, तुमी कालचा पेपर वाचून राह्यले. आजचा तिकडं पायपुसन्यावर पडला हाये."

"बातम्या सारख्याच असतात," मी म्हणालो. "चहा घे."

"नाई, गाडी उन्हात हाये. उर्वे! चाल, गाडी काढली!"

उर्वी चपला घालण्याआधीच जिन्याकडे धावली.

रविवारी संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या फ्रॉकला चिखल लागला होता आणि आवाज बसला होता. मी कारण विचारले.

"पप्पा हरवले होते," ती म्हणाली. "मग सापडले."

"कुठे हरवले होते?"

"बागेत. म्हणाले, इथंच उभी राह्य, आलोच. मग आलेच नाहीत. मी खूप ओरडले. मग टाकीच्या मागून आले आणि मला मांडीवर घेतलं. खूप वेळ घेतलं." तिने दोन बोटे वर केली. "दोनदा हरवले ते, आजोबा."

अपाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती संतापेल असे मला वाटले होते. पण ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, हे वर्गात शिकवतात."

मग मला सर्व कळले. स्नेहांक वाढतो तो भयाच्या क्षणी जवळ घेतल्याने. म्हणजे स्नेहांक वाढवायचा तर भयाचे क्षण वाढवावे लागतात. हे प्रथम कोणाच्या ध्यानी आले कोण जाणे, पण शहरात आता 'ओढवर्ग' निघाले होते. वरवर तेथे पालकांना मुलांशी कसे खेळावे हे सांगत. खासगीत सांगत, की मुलाला आधी थोडे घाबरवा आणि मग घट्ट धरा.

"तुला कसे ठाऊक?" मी विचारले.

"मीही नाव घातलंय," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली.

आठ दिवसांनी मी देवाच्या फुलांसाठी खाली जायला निघालो. लिफ्टचे दार उघडे होते. अपालाने उर्वीला आत उभे केले, तळमजल्याचे बटण दाबले आणि स्वतः पटकन बाहेर आली. दार मिटले. उर्वीला लिफ्टचे भय होते. एकदा ती आत अडकली होती. मजल्यामागून मजला तिची किंकाळी खाली उतरत गेली. अपाला जिन्याने धावत सुटली, आणि मी पोहोचलो तेव्हा तळमजल्यावर फरशीवर बसून तिने मुलीला छातीशी धरले होते. "आई आहे, आई आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांतले पाणी खरे होते.

घरी आल्यावर मी म्हणालो, "तू शिकलेली बाई आहेस, अपाला."

"शिकलेली आहे म्हणूनच आकडे कळतात मला. तो दर रविवारी वाढवतोय, आणि मी नुसती डबा भरून देत बसू?" थोड्या वेळाने ती माझ्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज बदलला होता. "अण्णा, तुम्ही पाठशाळेत मुलांना दिवाळीच्या फटाक्यांत बसवून पाठ म्हणवून घ्यायचात. लड लागली तरी कुणाची पापणी लवायची नाही. मी पाहिलंय. उर्वीला ते शिकवा ना. रोशनचा आवाज येईल तेव्हा तिचं मन तिथं नसलं पाहिजे, बस."

"हे असत्य आहे."

"तिला बागेत टाकून लपणं सत्य आहे का?"

मनात एक विचार आला आणि तो मला धर्म्य वाटला: मूल घाबरायचेच थांबले, तर घाबरवण्यात कोणाला काय लाभ? मी तिला एक अट घातली. लिफ्टचा प्रकार पुन्हा करायचा नाही. तिने मान्य केले, आणि माझ्या विद्येने आजवर कोणाचे अहित केले नाही या विश्वासाने मी दुसऱ्या दिवसापासून उर्वीला घेऊन बसू लागलो.

आमच्या गुरुजींची रीत अशी होती. अंगठा सोडून दोन्ही हातांची आठ बोटे, प्रत्येकाला तीन पेरे, एकूण चोवीस. संस्कृतातील नामाची रूपेही चोवीसच. अंगठ्याचे टोक एकेका पेरावर ठेवीत जायचे आणि मनात एकेक रूप म्हणायचे. ओठ हलता कामा नयेत. मन पेरावर आणि शब्दावर इतके बसवायचे, की बाहेरचा ध्वनी दारापर्यंत यावा आणि परत जावा. चोविसावे रूप संपले, की पुन्हा पहिले. मी तिला 'लता' हा शब्द दिला, कारण तो तिला आवडला.

उर्वीची ग्रहणशक्ती असाधारण होती. पंधरा दिवसांत तिला सर्व रूपे बिनचूक येऊ लागली. महिन्याभरात ती कुकरच्या शिट्टीने हलेनाशी झाली. मी मागून येऊन पितळी ताट फरशीवर टाकीत असे. तिच्या पाठीचा कणा ताठ राही आणि अंगठा पुढच्या पेरावर जाई. माझ्या हाताखालून शेकडो विद्यार्थी गेले, पण अशी स्थिरता मी दुसऱ्या कोणात पाहिली नव्हती. मी तिला शाबासकी दिली. तिला खडीसाखर दिली.

"भीती वाटली की म्हणायचं ना, आजोबा?"

"हो. भीती वाटली की आत जायचं."

"आत बरं असतं," ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात ती गच्चीच्या पायरीवरून पडली आणि तिचा गुडघा चांगलाच फुटला. अपाला धावली, तिला उचलून कुशीत घेतले, फुंकर घातली. उर्वीच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा अंगठा बोटांवरून फिरत होता. मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला.

मोर्शीहून रोशन आला तो त्रासलेला. "मामाजी, खरं सांगा, काय शिकवून राह्यले तुमी तिले? काल कुत्रं अंगावर आलं तं हे बाप्पा उभीच! मी पयत गेलो, उचललं, तं माह्याकडं पायतबी नाई. जसं का मी खांबच हाय."

"धीट होते आहे," मी म्हणालो.

"धीट नाई मामाजी. हे वेगळंच काई हाये." त्याने उर्वीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो बराच वेळ तेथेच ठेवला. त्या माणसाचे ऐकण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी तिला समजावले. "तुला काही आवाज ऐकू येतील. पप्पांचा आवाज आला, की आत जा. आईचा आला, की थांब, बाहेर ये. कळलं?"

ती बराच वेळ विचार करीत होती. मग तिने मान हलवली.

केंद्राच्या प्रमुख डॉ. यामिनी बोरकुटे या मध्यम वयाच्या, अत्यंत सौम्य बाई होत्या. त्यांनी उर्वीला स्वतः टोपी घातली, पट्टा गालाला टोचतो का विचारले, आणि मग आम्हां तिघांना काचेच्या अलीकडे बसवले. अपाला एका टोकाला, रोशन दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मी. काचेपलीकडे निळ्या खुर्चीत उर्वी बसली होती. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

एक कर्कश ध्वनी झाला. उर्वी हलली नाही. मग रोशनचा आवाज आला, "उर्वे! चाल, गाडी काढली!" माझ्या शेजारी रोशन पुढे झुकला. उर्वीचा उजवा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

मोर्शीच्या बागेतील मोटारपंप, मग डनेडिनचे समुद्रपक्षी, मग एका अनोळखी बाईचा आवाज. अंगठा फिरत होता.

पुन्हा कर्कश ध्वनी. "उर्वी, ये गं, केस विंचरू." हा अपालाचा आवाज. मी अंगठ्याकडे पाहत होतो. तो आता थांबेल, आता थांबेल, असे म्हणत पाहत होतो. मोजणी डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत गेली आणि पुन्हा उजव्या तर्जनीवर आली.

सायंकाळी अहवाल मिळाला. आईचा स्नेहांक नऊ. वडिलांचा आठ. अनोळखी बाईचा आवाज साडेसात.

अपालाने कागद दोनदा वाचला. मग ती रोशनकडे पाहत म्हणाली, "यात काहीतरी चूक आहे." दहा-अकरा महिन्यांत ती त्याच्याशी बोललेले ते पहिले असे वाक्य, ज्यात वैर नव्हते.

"मशीन बिघडली असन," रोशन म्हणाला. "पुन्हा लावा म्हणा."

यंत्र बिघडले नव्हते हे तिघांपैकी फक्त मला ठाऊक होते. उद्या न्यायालयात एकोणिसावे कलम लागणार, हे मला दिसत होते. मी खरे सांगितले, तर बालकाला शिकवून तयार केल्याचा दोष अपालावर जाईल आणि मुलगी रोशनला मिळेल. न सांगितले, तर ती कोणालाच मिळणार नाही. मी रात्रभर विचार केला असे म्हणणे खोटे ठरेल. मी तेथल्या तेथे उठलो आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो, कारण मुलीचे एक घर तरी वाचावे एवढेच मला हवे होते.

मी सर्व सांगितले. पेरे, रूपे, पितळी ताट, सर्व. अपालाने विनंती केली हेही लपवले नाही. "तिचे प्रेम आत आहे," मी म्हणालो. "मी तिला ते झाकायला शिकवले. यंत्राने झाकण पाहिले, आतले पाहिले नाही."

डॉ. बोरकुटे यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"गुरुजी, हा रकाना पाहा. भावना दाबायला मेंदूला श्रम पडतात, आणि ते श्रम आम्हाला दिसतात. शिकवून आणलेली मुलं दर आठवड्याला येतात माझ्याकडे. त्यांचा हा रकाना भरलेला असतो, आणि मग आम्ही तेवढं वजा करून खरा आकडा काढतो. तुमच्या नातीचा रकाना रिकामा आहे. ती काही दाबत नव्हती."

"पण मी तिचा अंगठा फिरताना पाहिला!"

"फिरत असेल. चाचणीच्या दिवशी तिनं पाठ म्हटला म्हणून हे झालेलं नाही. तो पाठ ती गेले तीन महिने, भीती वाटली की दर वेळी म्हणत होती. भ्यालेलं मूल जवळ घेतल्यावर निवतं, तेव्हा ती ओढ घट्ट होत जाते. तुमची नात कुणी जवळ घ्यायच्या आधीच स्वतः निवत होती. मग जवळ घेणारे हात आईचे आहेत की परक्या बाईचे, याचा तिच्या देहाला फरकच उरला नाही." त्यांनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "तुम्ही फार चांगलं शिकवलंत, गुरुजी. इतकं पक्कं मी कधी पाहिलं नव्हतं."

यात उपरोध नव्हता. असता तर मला सहन झाला असता.

न्यायाधीशांनी मला उभे राहू दिले नाही. "गुरुजी, बसून बोला," असे ते दोनदा म्हणाले. माझी कबुली स्नेहांकाच्या बाबतीत त्यांनी अग्राह्य ठरवली, कारण रिकाम्या रकान्यापुढे माणसाच्या शब्दाला मान नव्हता. परंतु दुसऱ्या एका कलमाखाली तीच कबुली त्यांनी ग्राह्य धरली. एकोणिसाव्या कलमानुसार उर्वी दोन वर्षे तटस्थ निवासात राहील. आईवडिलांनी आळीपाळीने पंधरवड्यातून एकदा, देखरेखीखाली तिला भेटावे. दोन्ही पासपोर्ट न्यायालयात जमा व्हावेत. आणि बालकाला तयार करणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे मी, या दोन वर्षांत तिला भेटू नये, पत्र लिहू नये, आपला आवाज तिच्या कानी पडू देऊ नये. अपालाने गरजेपोटी विनंती केली, कृती माझी, म्हणून तिला केवळ समज देण्यात आली. मी तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होतो. न्यायाधीशांनी निकालपत्रातून डोळे वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातले.

बाहेर रोशन मला म्हणाला, "मामाजी, मी भेव दाखवलं तिले. माह्या हातून पाप झालं. पन मी जवळ तं घेतलं ना हो! तुमी तं तिले कोनाची गरजच नाई ठेवली." अपालाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवले आणि ती त्याच्याजवळ बसली. "अण्णा, आता काही बोलू नका," एवढेच ती मला म्हणाली. डनेडिनला तिने नकार कळवला. निवास येथून दोन तासांवर होता; मुलीच्या तेवढे तरी जवळ राहायचे, म्हणून ती आता येथेच राहणार होती, आणि पुढे मोर्शीहून रोशनची आणि लक्ष्मीनगरातून तिची गाडी वेगवेगळ्या पंधरवड्यांत निवासाच्या त्याच रस्त्याने जाणार होती.

निकाल अमलात येण्यास दोन दिवस होते. ते दोन दिवस उर्वी माझ्या घरी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याशेजारी चित्र रंगवीत बसली होती. न राहवून मी विचारले, "बाळ, आईचा आवाज आला की थांब, असं मी सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग थांबली का नाहीस?"

ती रंगाची कांडी हातात धरून माझ्याकडे पाहू लागली. मला हे कसे कळत नाही, असे तिला वाटत असावे. "पप्पा काचेच्या मागे होते ना? त्यांच्या वेळी म्हटलं आणि आईच्या वेळी थांबले, तर पप्पांना वाईट वाटलं असतं. म्हणून दोघांना सारखं."

मी तिच्या चित्राचा कागद सरळ केला.

"माझं काही चुकलं का, आजोबा?" तिने विचारले. "एक पण रूप चुकलं नव्हतं."

"नाही, बाळ," मी म्हणालो. "एकही चुकलं नाही."

ती समाधानाने पुन्हा रंगवू लागली.

निवासाची पांढरी गाडी सकाळी नऊ वाजता आली. एक परिचारिका उतरली. तिने उर्वीची पिशवी घेतली आणि तिला काय खायला आवडते ते विचारले. अपाला गुडघ्यांवर बसून मुलीला धरून हुंदके देत होती. रोशन मागे उभा राहून चेहरा पुसत होता. उर्वीने दोघांना आळीपाळीने मिठी मारली, अगदी सारखा वेळ. मग तिने मला वाकून नमस्कार केला, गाडीत चढली, पट्टा स्वतः लावला आणि काचेतून हात हलवला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. शाळेच्या सहलीला निघालेल्या शहाण्या मुलीचा तो चेहरा होता.

गाडी वळणाआड गेल्यावर मी फाटकापाशी उभा राहिलो आणि ज्या शब्दांवर न्यायालयाला बंदी घालता येत नाही ते मनात म्हणालो.

अपाला, तुझे कल्याण होवो. रोशन, तुझेही. यामिनीबाई, आपल्या हातून कोणा मुलाला घर मिळत राहो. आणि उर्वी, माझ्या बाळा, तुला रडू येवो. मोठ्याने, बिनवेळी, सगळे काम टाकून कोणीतरी धावत यावे असे रडू येवो. आणि जी कोणी धावत येईल, तुझी आई असो, वा त्या निवासातली कोणी परकी बाई असो, तिच्या कुशीत तुला सुख लाभो.